दोन प्रती सरकारला

साहेबाच्या गाडीतून घरी आला होता म्हणे. तोही तिसऱ्याच दिवशी! मालक आत, हातात बेड्या, आणि हे महाशय पुढच्या सीटवर, साहेबाच्या शेजारी बसून. आता पोलिसांनी धरून नेलेला माणूस साहेबाच्या गाडीतून का परत येतो, हे काय कुणी शिकवायला हवं? फुकट कुणी कुणाला गाडीत बसवत नाही, आणि गोरा साहेब तर नाहीच नाही.

ही कुजबुज बावन्न वर्षं गावात फिरत होती. न्हाव्याच्या खुर्चीत ती उगवायची, सार्वजनिक नळावर तिला पाणी मिळायचं, आणि कुणाच्या मयताला चार डोकी जमली की चांगली फोफावायची. गोऱ्यांचं राज्य गेलं, झेंडा बदलला, नोटांवरचे चेहरे बदलले, चौकातल्या पुतळ्याचं डोकंसुद्धा बदललं (धड तेच ठेवलं, खर्च वाचवायला). कुजबुज मात्र जशीच्या तशी.

ज्याच्या नावानं ही सगळी शेती, त्या माणसाला गाव उलटेकाका म्हणायचं. छापखान्यात जुळारी होता. शिशाचे खिळे एकेक करून खणांतून उचलायचे, हातातल्या पट्टीत ओळीनं बसवायचे, ओळीवर ओळ रचून पान उभं करायचं, छापून झालं की तेच खिळे परत आपापल्या खणांत टाकायचे. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, म्हणून जुळारी उलटं वाचायला शिकतो. हा इतका शिकला की सुलटं वाचताना अडखळायला लागला. लग्न झालं नाही. "मुलगी बघायला नेलं तर तिच्या तोंडाकडे बघायचं सोडून मामा समोरच्या आरशात मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले," असं त्याची भाची सांगायची. ती तेव्हा जन्मली नव्हती, पण सांगायची अगदी डोळ्यांनी पाहिल्यासारखं. याच भाचीच्या घरात, मागच्या खोलीत, तो पंचाहत्तरी ओलांडून राहत होता. फितूर मामाला सांभाळते म्हणून तिलाही दोन शब्द ऐकावे लागत. ती चार परत करायची.

सगळ्या गावात त्याच्या बाजूनं बोलणारं एकच माणूस होतं, आणि तेही कोण? ज्या मालकाला त्यानं विकलं असं गाव म्हणे, त्या मालकाची बायको. मालकीणबाई. नवऱ्याला सात वर्षांची शिक्षा लागली त्याच आठवड्यात ही बाई नळावर घागर आपटून सगळ्यांदेखत म्हणाली होती, "जुळाऱ्याचं नाव घेऊ नका कुणी. विकणारा कोण ते मला ठाऊक आहे. माझ्याच आईच्या पोटचा आहे तो!"

तिचा धाकटा भाऊ सरकारी कचेरीत कारकून होता. मालकांच्या छापखान्यात सरकारविरुद्ध चोरून छापलेली पत्रकं वाळत घातलेली त्यानं पाहिली होती. त्यानंतर दोन दिवसांत पोलीस आले. बाईंनी दोन आणि दोन चार केले आणि भावाच्या तोंडावर दार लावलं. मालक सुटून आले ते खोकत, आणि तीन वर्षांत गेले. त्यांच्या मयतालासुद्धा धाकट्याला फाटकाबाहेर उभं ठेवलं. दोन गल्ल्या पलीकडे राहणारा सख्खा भाऊ, पण बावन्न वर्षांत एक शब्द नाही. आणि दर गुरुवारी चार वाजता उलटेकाका मात्र बाईंच्या समोरच्या खुर्चीत चहा पीत बसलेला.

हे असंच चाललं असतं. पण बाईंची नात शिकायला शहरात गेली आणि शिकून तिथेच थांबायचं सोडून परत आली.

ती विद्यापीठात आफ्रिकेचा, म्हणजे आपल्याच मुलखाचा, इतिहास शिकत होती, आणि त्यातही तिचा विषय गल्लीत कुणाला धड सांगता येईना. गोरे जात होते त्या वर्षांत लहान लहान छापखान्यांनी काय छापलं, ते कुणाच्या हाती गेलं, कुणी कुणाला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि आता लोकांना त्यातलं काय आठवतं, हा तिचा अभ्यास.

"म्हणजे म्हाताऱ्यांच्या गप्पा ऐकायच्या आणि डॉक्टर व्हायचं?" न्हावी म्हणाला. "मग मला कधीच दवाखाना काढायला हवा होता."

तिनं आवाज टिपणारं छोटं यंत्र समोर ठेवून तेरा जणांची बोलणी नोंदवली. तेराही जणांनी साहेबाची गाडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. गाडीचे रंग भरले सात. एकानं तर तिला झेंडाही लावला.

"मग यातलं खरं कुठलं धरायचं?" काकानं तिला एकदा सहज विचारलं. सहज म्हणजे काय, वाटेत दोनदा घोकून.

"खोटी आठवणही मला चालते, काका," ती म्हणाली. "ती खोटी का झाली, एवढंच शोधायचं."

एवढंच!

आणि मग एका गुरुवारी ती चहाच्या वेळी पत्र नाचवत आत आली. सरकारी दप्तरखान्यानं तिचा अर्ज मंजूर केला होता. छापखान्याची जुनी पोलिसी फाइल, बावन्न वर्षं फितीत बांधलेली, पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला तिच्यासाठी उघडणार होती.

"चार वाजता प्रती घेऊन सरळ इथेच येते," नात म्हणाली. "आजी, तुला वाचून दाखवते सगळं."

"सगळं नको," मालकीणबाई म्हणाल्या. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पण आवाज असा की समोरच्यानं आपोआप पाठ ताठ करावी. "नाव वाच फक्त. त्याचं नाव त्या कागदावर बघू दे मला. मग मी मरायला मोकळी."

"आजी, धाकट्या आजोबांचं नाव नसलं तर?"

"असणार."

"पण त्यांची सून काल आली होती ना? डॉक्टरांनी सांगितलंय, आता फार दिवस नाहीत. ते तुझं नाव घेतात म्हणे. तू एकदा जाऊन—"

"आधी फाइल. मग बघू." बाईंनी कप खाली ठेवला आणि काकाकडे वळल्या. "काय रे उलट्या, तू का असा पांढरा पडलास? तुझंही नाव एकदाचं धुऊन निघेल. बावन्न वर्षं गावाचं ऐकून घेतलंस."

काका म्हणाला, "हो बाई." दुसरं काय म्हणणार? त्या फाइलीत काय आहे ते त्या खोलीत एकट्या त्यालाच माहीत होतं. धाकट्याचं नाव त्यात नव्हतं. त्यात एक यादी होती, आणि ती त्याच्या स्वतःच्या अक्षरातली होती.

घरी भाचीला बातमी त्याच्या आधी पोचली होती. तिनं शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं भांडी घासत सुरू केलं, "आता कळेल एकेकाला! जुन्या छापखान्याचं संग्रहालय करतायत, माहितीय ना? दारावर पाटी लागणार आहे, तिथे कामाला होते त्या सगळ्यांची. मालकाच्या खाली दुसरं नाव माझ्या मामांचं. फाइल येऊ दे, मग त्या न्हाव्याला मी पाटीखाली उभा करते!"

"नको गं पाटी," काका म्हणाला.

"नको कशी? मामा, तुम्ही गप्प बसलात म्हणूनच ही वेळ आली."

हे मात्र तिचं शंभर टक्के खरं होतं.

आता त्या जुन्या गुरुवारचं सांगायला हवं. मालकांना संपाचं पत्रक छापायचं होतं. मजकूर चारच ओळींचा: शनिवारी कुणीही कामावर जाऊ नये, गोदीत नाही, कचेरीत नाही, साहेबाच्या स्वयंपाकघरातही नाही. असलं काही छापलं तर छापखाना जप्त आणि माणूस आत. मालक हुशार. ते म्हणाले, "चोरी दिवसाढवळ्या करावी. अवेळी दिवा लागला की लोक बघतात. दुपारी यंत्र खडखडलं तर कुणाला काय?" म्हणून भर दुपारी, साबणाच्या वेष्टनांचं काम चालू असतानाच, मधेच पत्रक चढवलं. कागद दुसऱ्या गावाहून आणला. छापखान्याचं नाव खाली घालायचं ते गाळलं. एका खिळ्यावरचं अक्षर तुटकं होतं, त्यावरून पोलीस छापखाना ओळखतील म्हणून काकानं चिमट्यानं तो उपटून दुसरा बसवला. केवढी ती काळजी! मालकांनी पाठ थोपटली त्याची. पत्रकं दोरीवर वाळत असताना धाकटा बहिणीसाठी औषधाची बाटली घेऊन मागच्या दारानं आला, दोरीकडे बघितलं, एक पत्रक वाचलं, बाटली ठेवली आणि काही न बोलता गेला.

आता कायदा काय होता ऐका. त्या काळी कुठल्याही छापखान्यानं काहीही छापलं, मग ते पुस्तक असो की औषधाची चिठ्ठी, त्याच्या दोन प्रती सरकारात जमा करायच्या. दर शुक्रवारी. त्यासाठी काकाच्या टेबलाला उजव्या हाताला एक खण होता, सरकारी खण. यंत्र लागलं, शाई सारखी पडायला लागली की पहिले दोन स्वच्छ ताव उचलायचे, फुंकर मारायची, घडी घालायची, खणात. वयाच्या तेराव्या वर्षापासून हात हेच करत आलेला. डोकं दुसरीकडे असलं तरी हात चुकायचा नाही.

त्या गुरुवारीही चुकला नाही.

आणि शुक्रवारी सकाळी, खणात जे होतं ते एकावर एक ठेवून, वर यादी लिहून, सुतळी बांधून, स्वतः कचेरीच्या खिडकीत नेऊन दिलं आणि पोचपावती घेऊन आला. जुळारी असल्यामुळे उपड्या कागदांच्या पाठी बघून तो काम ओळखायचा, वाचायची गरज नसायची. यादीत लिहिलं: साबणाचं वेष्टन, दुरंगी, दोन प्रती. शाळेचं निकालपत्र, दोन प्रती. पत्रक, एकरंगी, दोन प्रती.

स्वतः लिहिलं. वळणदार अक्षरात.

दोन दिवसांनी पोलीस ठाण्यात ते पाकीट टेबलावर आलं तेव्हा त्याला कळलं. आणि सुटून आल्यावर तो पहिला गेला तो मालकीणबाईंकडे, सगळं सांगायलाच. दारात पाय ठेवतो तोच बाई म्हणाल्या, "ये. तुझ्यावर माझा संशय नाही. त्या हरामखोराला आत्ताच घालवलाय." आणि चहाचा कप पुढे केला. त्यानं तो घेतला. तिथेच फसला. पहिल्या कपाला बोलला नाही तो दुसऱ्याला कसा बोलणार? आणि खरं सांगायचं तर, मनाच्या तळाशी आणखी एक लबाडी होती. गाव फितूर म्हणत होतं. फितूर म्हणजे वाईट माणूस, कबूल. पण निदान डोकं असलेला. खरी गोष्ट सांगितली असती तर काय म्हणाले असते? मालकाला सात वर्षं आत घालणारं गाढव. अठ्ठावीस छापखान्यांच्या गावात जुळाऱ्याला फितूर म्हणून घेणं परवडतं, गाढव म्हणून नाही. बावन्न वर्षं त्यानं हे असं परवडवून घेतलं, आणि दोन गल्ल्या पलीकडे एक कारकून त्याची किंमत मोजत बसला.

मंगळवारी तो बाईंकडे अवेळी गेला. शब्द जुळवून नेले होते, अगदी ओळी मोजून.

"आज कसा रे? गुरुवार कुठाय?" बाई पलंगावर बसून चष्मा पुसत होत्या.

"बाई, त्या फाइलीचं जरा..."

"तुलाही धीर धरवत नाही ना? मलाही नाही." त्यांनी चष्मा चढवला. "पुन्हा सून येऊन गेली. म्हणते, आत्याबाई, काल त्यांनी पाणीसुद्धा नाकारलं. मी म्हटलं, गुरुवारपर्यंत धरून ठेव म्हणावं जीव. नाव वाचल्यावर येईन, आणि तोंडावर विचारीन, का रे बाबा, काय दिलं तुला साहेबानं?"

"गुरुवारपर्यंत टिकले नाहीत तर?"

"तर त्याचं नशीब." पण चष्मा त्यांनी पुन्हा काढून पुसायला घेतला. मग एकदम म्हणाल्या, "लहानपणी चालायला मीच शिकवलं त्याला. माझ्या बोटाला धरून. तू काय सांगत होतास?"

काकानं तोंड उघडलं. "काही नाही. पाय मोकळे करायला आलो होतो."

भित्रा! घरी येताना त्यानं स्वतःला दिलेल्या शिव्या इथे छापता येण्याजोग्या नाहीत. बुधवारी त्याला जेवण गेलं नाही. भाचीनं कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाही. मग काय झालंय? पाटीच्या आनंदानं आजारी पडू नका."

"तू त्या धाकट्याच्या सुनेला ओळखतेस ना?"

"भाजीला एकत्र जातो की."

"कसा आहे तो?"

"आहे म्हणायचं. का हो? तुम्हाला कधीपासून त्याची काळजी?" भाची हसली. "फितुराची?"

हा शब्द त्यानं आयुष्यात हजारदा ऐकला होता. दुसऱ्या कुणाला लावलेला, आणि तोही स्वतःच्या घरात, पहिल्यांदाच ऐकला. ताट सरकवून तो उठला.

गुरुवारी तो तीन वाजताच बाईंच्या दारात उभा होता. नात दहाला दप्तरखान्यात शिरली असणार. आत्तापर्यंत यादी तिच्या हातात पडली असणार. म्हणजे हातात एक तास.

"बाई, बसा," तो म्हणाला.

"बसलेलीच आहे. डोळे गेले का तुझे?"

"धाकट्याचं नाव नाही फाइलीत."

"तुला काय ठाऊक?"

"माझं आहे."

बाई हसल्या. खरंच हसल्या. "गावाचं ऐकून ऐकून तुलाही तसं वाटायला लागलं काय रे?"

"मी विकलं नाही. मी जमा केलं." आणि मग त्यानं सांगितलं. खणाचं सांगितलं, दोन तावांचं, सुतळीचं, पोचपावतीचं. अडखळत, पुढचं मागे नि मागचं पुढे करत. भिंतीवर मालकांचा फोटो होता. काका त्याच्याकडे न बघता बोलत राहिला. सांगून संपलं तेव्हा साडेतीन झाले होते.

"पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?" बाईंचा आवाज ओळखू न येण्याइतका लहान झाला होता.

"तुम्ही चहा दिलात."

"चहा दिला म्हणून!"

"हो."

त्या इतक्या वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या की काकाला वाटलं, आता कप फेकतील. फेकला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फेकला नाही.

पावणेचारला नात आली. धावत आली असावी, कपाळावर घाम होता. काकाला पाहून ती दारातच थबकली, हातातली कागदांची गुंडाळी पाठीमागे गेली. त्या एका हालचालीवरून कळलं की तिनं वाचलंय, आणि वाटेत काय बोलायचं याची तिनं जुळवाजुळव केलीय.

"आजी, आज नको वाचायला. मला जरा नीट तपासून—"

"यादी आहे का त्यात?" बाईंनी विचारलं.

नातीनं काकाकडे पाहिलं. काकानं मान हलवली.

"आहे."

"वाच."

तिनं वाचली. साबणाचं वेष्टन, दुरंगी, दोन प्रती. शाळेचं निकालपत्र, दोन प्रती. पत्रक, एकरंगी, दोन प्रती. शेवटच्या ओळीला पोरीचा आवाज फाटला.

"आणि धाकट्याचं?"

"कुठेच नाही, आजी. सबंध फाइलीत त्यांचं नाव फक्त एकदा आहे, हजेरीच्या कागदावर. त्या शनिवारी ते कचेरीत गैरहजर होते. पगार कापल्याचा शेरा आहे."

बाई उठल्या. त्यांना उठायला नेहमी कुणीतरी लागे. आज त्या एकट्या उठल्या आणि भिंत धरून उभ्या राहिल्या. "माझ्या चपला दे."

"मी रिक्षा आणते."

"दोन गल्ल्यांना रिक्षा? बावन्न वर्षं जवळच होतं ना ते?" मग काकाकडे न बघता म्हणाल्या, "तूही चल. तुझ्या तोंडानं सांग त्याला. मी नाही सांगणार तुझ्या वतीनं."

दोन गल्ल्या चालायला वीस मिनिटं लागली. पुढे बाई नातीच्या खांद्याला धरून, मागे चार हात अंतरावर काका. न्हावी वस्तरा हातात धरून दारात आला. नळावरच्या बाया घागरी भरायच्या विसरल्या. मालकीणबाई धाकट्याच्या घराकडे चालल्यात आणि मागे फितूर, असं दृश्य गावानं पाहिलं नव्हतं. त्याचा अर्थ लावताना पुढचे चार दिवस कुणाला झोप नव्हती. कोपऱ्यावर बाई थांबल्या, श्वास घेतला. काकाच्या डोक्यात एकच विचार ठोके देत होता: असेल ना? असेल ना अजून?

सुनेनं दार उघडलं आणि तोंडावर हात ठेवला.

होता. खिडकीखालच्या खाटेवर, चादरीत चादरीइतकाच उरलेला. डोळे उघडे. बाई खाटेच्या कडेला बसल्या. मग बाईंनी आपलं बोट त्याच्या तळहातात दिलं, आणि म्हाताऱ्यानं ते मुठीत धरलं.

"सांग," बाई भिंतीला उद्देशून म्हणाल्या.

काकानं उभ्यानंच सांगितलं. या वेळी थोडक्यात जमलं. दोन प्रती मी जमा केल्या, तुमच्यावर आळ आला, मी गप्प बसलो. एवढंच.

धाकट्याचे ओठ हलायला लागले तेव्हा सून जवळ वाकली, पण त्यानं तिला नजरेनंच दूर केलं. त्याला स्वतः बोलायचं होतं.

"खिडकीतलं टपाल... दुसऱ्या दिवशी माझ्याच टेबलावर यायचं," तो म्हणाला. एकेक शब्द वेगळा, मधे श्वास. "रोज मीच उघडायचो. पाकीट मी उघडलं असतं तर... ते दोन कागद... चुलीत टाकले असते."

"मग का नाही उघडलंस?" बाई ओरडल्याच.

"शनिवारी कामावर जाऊ नका... असं छापलं होतं ना तुम्ही." त्याच्या चेहऱ्यावर हसूसारखं काहीतरी आलं. "मी वाचलं. गेलो नाही. कुणीच गेलं नाही. म्हणून साहेबानं स्वतः टपाल फोडलं."

नातीनं यंत्र सुरूच केलेलं नव्हतं. तिला ते आठवलं, पण पिशवीकडे हात गेला नाही.

"हे तू मला सांगायला आला होतास?" बाईंनी विचारलं. "मी दार लावलं तेव्हा?"

"तीनदा आलो."

बाईंनी त्याची मूठ आपल्या गालाला लावली. काका मागच्या पावलांनी बाहेर पडला आणि पायरीवर जाऊन बसला. आत बहीणभाऊ कुजबुजत होते. त्याला ऐकू येत नव्हतं आणि ऐकायचा हक्कही उरला नव्हता. धाकटा पुढे नऊ दिवस जगला. त्यातले नऊही दिवस बाई त्या खाटेशी होत्या.

गुरुवारचा चहा बंद झाला. बाईंनी त्याला शाप दिला नाही, क्षमा केली असंही कधी म्हणाल्या नाहीत. रस्त्यात दिसला तर "बरा आहेस ना?" विचारायच्या आणि उत्तराला न थांबता पुढे जायच्या. भाची तीन दिवस मामाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिनं भांडी घासता घासता शेजारणीला ऐकवलं, "चुकला असेल. पण विकलं नाही कुणाला!" पाटीवर नाव घालायचं की नाही यावर नातीनं काकालाच विचारलं. तो म्हणाला, "धाकट्याचं घाल. संपावर गेला तो. मी तर त्या शनिवारीही कामावर होतो." तिनं दोन्ही नावं घातली. धाकट्याचं वर.

आणि गावाचं काय? गावाला खरं पचलं नाही. गावाचं म्हणणं, यादी वगैरे ठीक आहे, पण मग साहेबाच्या गाडीचं काय? ते मात्र आम्ही स्वतः पाहिलंय!

पाहिलं होतं. फाइलीत त्याचाही कागद आहे. तिसऱ्या दिवशी साहेबानं यादी दोनदा वाचली, हसला, आणि खाली शेरा मारला की, हा इसम मंदबुद्धी आहे, कटात असणं शक्य नाही, सोडून द्यावा. त्याच वेळी छापखान्याला सील ठोकायला गाडी निघाली होती. ड्रायव्हर नवीन होता, त्याला छापखाना कुठे आहे ते माहीत नव्हतं. म्हणून रस्ता दाखवायला उलटेकाकाला पुढच्या सीटवर बसवलं. गाडी करड्या रंगाची होती. साहेब त्या गाडीत नव्हता.